कळपाची डावी बाजू

माझे वडील मेंढरांचे व्यापारी होते. वडगावच्या बाजारातून, कागलच्या बाजूच्या खेड्यांतून आणि माळावर उतरलेल्या धनगरांच्या तळांवरून ते मेंढरं घ्यायचे, पायी हाकत कोल्हापुरात आणायचे आणि खाटकांना द्यायचे. घरात आम्ही आमच्या दख्खनीत बोलायचो आणि बाजारात मराठीत. इथं सगळं मराठीतच लिहितो. महाराजांच्या राज्याचे दिवस होते. रस्त्यानं मोटार गेली तर लोक हातातलं काम टाकून बाहेर यायचे.

धनगराचा कळप आणि व्यापाऱ्याचा कळप यांत फार फरक असतो. धनगराची मेंढरं एका ठिकाणी जन्मलेली असतात. पुढचं एक चाललं की बाकीची त्याच्या मागं मान खाली घालून चालतात. आमची मेंढरं चार तळांवरून गोळा केलेली. ती एकमेकांना ओळखत नसायची आणि प्रत्येकाला आपल्या जुन्या तळाकडं पळायचं असायचं. शहर जवळ आलं, गाड्या, ढोल, माणसं वाढली की ती चारी बाजूंना फुटायची. अशीच एकदा मोटारीच्या आवाजानं उधळली तेव्हा त्यांच्यामागं धावताना वडील चरीत पडले. गुडघा कायमचा गेला. माझं लग्न नुकतंच झालं होतं. हाकण्याचं काम त्या दिवसापासून माझ्याकडं आलं. सोबतीला एक गडी होता. पण कळप चारी बाजूंनी फुटायला लागला की दोन माणसं काय करणार?

माझा मामू एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बावर्ची होता. साहेब आपल्या मुलखात परत निघाला तेव्हा त्याच्या कुत्रीची पिल्लं त्यानं वाटून टाकली. त्यातलं एक मामूनं टोपलीत घालून आमच्याकडं आणलं. साहेब म्हणायचा म्हणे, आमच्याकडं एक माणूस आणि असला एक कुत्रा शेकडो मेंढरं राखतात. वडिलांना ते पटलं. आईला मुळीच पटलं नाही. आमच्यात कुत्रा घरात चालत नाही. तिनं त्याला परड्यात बांधायला लावलं आणि त्याचं ताटलं वेगळं ठेवलं.

पिल्लू काळं होतं. गळ्याभोवती पांढरा पट्टा, कान अर्धे उभे. उजवा डोळा तपकिरी आणि डावा निळा, काचेसारखा. त्या डोळ्यात बघितलं की तो आपल्याकडं बघतोय की आपल्या मागच्या कशाकडं, हे समजायचं नाही. शेजारच्या बायका परड्याच्या बाजूनं जायच्या बंद झाल्या.

तो वाढला, पण भुंकला नाही. दारात भिकारी आला, मांजर आलं, दुसरी कुत्री अंगावर आली, तरी त्याच्या तोंडून आवाज नाही. एका दुपारी बायको मला हाक मारायला आली.

"परड्यात या जरा. शेळ्यांचं काही तरी बिघडलंय."

आमच्या दुधाच्या दोन शेळ्या होत्या. दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. समोर टाकलेला पाला तसाच होता. पिल्लू सुटलं होतं आणि त्यांच्यासमोर पोट जमिनीला लावून, एक पाय उचलून, मान पुढं करून थांबलं होतं. हलत नव्हतं. मी हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. मी मध्ये जाऊन उभा राहिलो, तर ते माझ्या पायांमधून शेळ्यांकडं बघत राहिलं. शेवटी उचलून घेतलं तेव्हा त्याचं अंग लाकडासारखं ताठ होतं आणि आत काळीज मात्र धडधडत होतं.

मी त्याला बांधून आलो, तरी शेळ्या भिंतीपासून हलल्या नाहीत. उन्हं उतरेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी दूध दिलं नाही.

"ह्याला घालवा कुठं तरी," बायको म्हणाली. तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही.

पण वडिलांचा गुडघा बरा होणार नव्हता. कुत्रा अंगानं भरल्यावर मी त्याला कागलच्या वाटेला बरोबर नेलं. नव्या घेतलेल्या मेंढरांवर पहिल्यांदाच मोकळा सोडला. तो वाऱ्यासारखा लांबून गोल फिरून आला. पांगलेली मेंढरं त्यानं न भुंकता, कुणाला न शिवता एका जागी आणली. गडी खुश होऊन ओरडला, "आयला, कामाचं हाय की हे!"

मग कुत्रा खाली बसला. कळपातल्या काळ्या तोंडाच्या एका मेंढीवर त्याची नजर बसली. ती मेंढी एक पाऊल मागं सरली. बाकीच्या मेंढरांनी तिला वाट करून दिली. ते मी आजही विसरलेलो नाही, कारण त्यांनी तिला आपल्यातून काढून दिल्यासारखी वाट दिली. ती मागं मागं सरत राहिली. तिच्या मागं कठडा नसलेली विहीर होती. आम्ही धावलो, पण पोचेपर्यंत ती मागच्या पायांनी आत गेली. ओरडलीसुद्धा नाही. कुत्रा तिथंच बसून विहिरीच्या काठाकडं बघत राहिला.

गड्यानं काठी उचलली आणि मला सांगितलं, "मालक, हे कुत्रं बरूबर असंल तर मी न्हाय यायचा."

घरी येऊन मी सगळं वडिलांना सांगितलं. ते गुडघा चोळत ऐकत होते. मग म्हणाले, "कुत्रा वाईट नाही. काय करायचं ते त्याच्या अंगात आहे, कुठं थांबायचं ते कुणी सांगितलेलं नाही. शिकवणारा शोध."

शिकवणारा म्हणजे धनगर, असं मला वाटलं. पहिल्या तळावर मी कुत्र्याला दोरीनं धरून घेऊन गेलो, तर तिथल्या माणसानं लांबूनच हातातली काठी उगारली.

"पावणं, ह्ये कुत्रं न्हवं. लांडगं असं बसतंय मेंढराम्होरं. घिऊन जावा."

"पण तुमची कुत्रीही कळपाबरोबर असतातच की."

"आमची कुत्री मेंढरांकडं बघत न्हाईत," तो म्हणाला. "ती भायेर बघत्यात. ह्ये आत बघतंय."

दुसरा तळ जोतिबाच्या डोंगराखाली होता. तिथला कर्ता माणूस ओळखीचा होता, भिडेखातर त्यानं कुत्र्याला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कुत्र्याला घेऊन आमच्या दारात. डोळे लाल, चेहरा उतरलेला. मेंढरं रात्रभर खाली बसलीच नाहीत म्हणाला. सगळी एकीकडं तोंड करून उभी होती. कुत्रा बांधलेला होता आणि डोकं पायांवर ठेवून स्वस्थ पडला होता.

त्याचा राग निवळावा म्हणून मी त्याच्याबरोबर तळापर्यंत गेलो, कुत्रा दोरीला धरूनच. त्याची म्हातारी आई तिथं लोकर पिंजत बसली होती. तिनं कुत्र्याला जवळ बोलावलं, हनुवटीखाली हात घालून त्याचं तोंड वर केलं आणि निळ्या डोळ्यात बघितलं. तळावरच्या कुणीच आतापर्यंत हे केलं नव्हतं.

"ह्येला राखण शिकवाय जाऊ नगासा," ती म्हणाली. "ह्येच्यात शिकार हाय. निम्म्यावर थांबिवल्याली शिकार. ती कुठं थांबवायची ते ज्येला ठावं हाय, त्येच्याकडं न्या."

"असा कोण आहे, आजी?"

"कळंब्याच्या तळ्याकडं एक म्हातारा ऱ्हातोय. सरकारी चित्त्यांवर हुता. त्येच्याकडं जावा. पर त्येच्याकडं गेल्यावर हळू बोला."

शेवटचं ती का म्हणाली, ते मी विचारलं नाही.

त्या काळी कोल्हापुरात चित्ते नवलाचे नव्हते. महाराजांना चित्त्यांकडून काळवीट धरायचा शौक होता. गळ्यात साखळी घातलेला चित्ता चित्तेवानाबरोबर भर रस्त्यानं जाताना आम्ही सगळ्यांनी बघितला होता. चित्त्याला बाजेवर झोपवायचे आणि त्याचा चित्तेवान शेजारच्या बाजेवर झोपायचा. शिकारीला नेताना डोळ्यांवर चामड्याची टोपी घालायचे. माळावर कळप दिसला की टोपी काढायची. चित्ता सगळ्या कळपातून एकच जनावर निवडायचा आणि त्याच्याच मागं जायचा. त्यानं धरलं की चित्तेवान धावत जाऊन लाकडी पळीतून त्याला खाऊ घालायचा आणि शिकार सोडवून घ्यायचा.

कळंब्याला मी भर दुपारी पोचलो. वस्तीपासून लांब, तळ्याच्या अंगाला एक खोपट होतं. त्याच्यापुढं करंजाच्या सावलीत दोन बाजा टाकलेल्या. एकीवर फाटकं घोंगडं. दुसरीवर धुतलेली चादर, एकही सुरकुती नसलेली, फक्त मधोमध थोडी खोलगट. एक उंच, वाळलेला म्हातारा समोर आला. मी सलाम करून बोलायला लागलो, तर त्यानं हात वर केला.

"हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

त्याची बायको खोपटात आजारी असेल असं समजून मी आवाज उतरवला आणि खाली जमिनीवर बसलो. कुत्र्याची दोरी माझ्या हातात होती. एकदम ती सैल पडली. कुत्रा त्या चादरीच्या बाजेपासून जरा अंतरावर पोट टेकून पडला होता. कान मागं घेतलेले आणि डोळे जमिनीकडं. तो आमच्या घरी आल्यापासून त्यानं कशापुढं नजर खाली घातलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

म्हाताऱ्यानंही ते बघितलं. "ह्येला कळलं," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या ह्येला. शिकवतो."

मी मेंढीची, विहिरीची सगळी हकिकत सांगितली. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष अधूनमधून त्या बाजेकडं जायचं, जसं आई बोलता बोलता पाळण्याकडं बघते.

"घरात कोण असतं, आबा?" मी विचारलं.

"मी आनी ती."

उठताना माझा पाय अवघडला होता म्हणून मी आधाराला हात पुढं केला. त्या बाजेला तो लागणार, तोच म्हाताऱ्यानं माझं मनगट धरलं. रागानं नाही, पण घट्ट.

"तिथं नगं," तो म्हणाला.

निघताना मी खोपटाच्या आत डोकावलो. एक ताट, एक तांब्या. वाळत घातलेलं लुगडं कुठं नव्हतं. बाईमाणूस राहत असल्याची एकही खूण नव्हती.

घरी आल्यावर वडिलांनी सांगितलं. हा म्हातारा त्यांच्या ऐकण्यातला होता. त्याच्याकडं चित्त्याची एक मादी होती, लहान असल्यापासून त्यानंच वाढवलेली. ती तापानं मेली. त्यानं पुन्हा दुसऱ्या चित्त्याला हात लावला नाही. नोकरी सोडली, तिची बाज डोक्यावर घेतली आणि कळंब्याला जाऊन राहिला.

"म्हणजे वेडा आहे?"

"असेल. पण जनावरं त्याचं ऐकतात," वडील म्हणाले. "आपल्याला तेवढंच पाहिजे."

मी काही मेंढरं त्याच्याकडं नेऊन सोडली. त्यानं काट्यांचं कुंपण घालून त्यांना जागा केली. मग बाजार नसेल त्या दिवशी मी तिथं जायला लागलो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा कुत्र्याच्या डोळ्यांवर टोपी होती. जुनी, तेलानं काळी पडलेली चामड्याची टोपी, कुत्र्याच्या तोंडाला बसेल अशी कापून शिवलेली. आंधळ्या कुत्र्याला दोरीला धरून म्हातारा मेंढरांमधून चालवत होता. मेंढरं त्याच्या अंगाला घासत होती, काही तर त्याला हुंगत होती. कुत्र्याचे कान सारखे फिरत होते.

"नजर उघडी असली की ह्येला एकच जनावर दिसतंय," म्हातारा मला म्हणाला. "तिचं बी तसंच. पर तिचं कामच एक धरायचं. ह्येला सगळी दिसाय पायजेत. आदी कानानं दिसू द्यात."

असं किती तरी दिवस चाललं. मग तो टोपी क्षणभर काढायचा. कुत्र्याची नजर एका मेंढीवर बसायला लागली की परत घालायचा. नजर फिरती राहिली तर लाकडी पळीतून ताकात कुस्करलेली भाकरी द्यायचा. त्याचा आवाज कधी चढला नाही. "हूऽ" म्हटलं की पुढं, जीभ टाळूला लावून आवाज केला की थांब. कुत्रा हळूहळू बदलला. आता तो मेंढरांपुढं बसला तरी ती थिजायची नाहीत. चरत राहायची आणि त्यानं पाऊल टाकलं की सरकायची.

एकदा म्हातारा मला म्हणाला, "ह्यास्नी तुमी कुठं न्हेतासा ते कुत्र्याला ठावं न्हाय."

"ते त्याला कशाला पाहिजे?"

"न्हाय, आपलं सांगतोय. माजी एकच धरायची. तुमचा ह्यो सगळीच घिऊन जानार."

आमचा धंदा पिढ्यान् पिढ्यांचा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं मी मानत आलो आहे. तरी त्या दुपारी त्या दोन बाजांसमोर बसून ते ऐकताना मला बरं वाटलं नाही.

मग थंडीच्या दिवसांतली ती सकाळ. मी लवकर निघालो होतो. तळ्यावर धुकं एवढं होतं की खोपट कुठं, पाणी कुठं, समजत नव्हतं. मला आधी म्हाताऱ्याचा आवाज ऐकू आला. "हूऽ" हा कुत्र्याचा हुकूम मला माहीत होता. पण त्याच्या मागोमाग तो दुसरा एक आवाज काढत होता. बारीक, ओठ न उघडता, घशातून घुमल्यासारखा. तो मी कधी ऐकला नव्हता.

धुक्यातून मेंढरं बाहेर आली. माझ्याकडं येणाऱ्या कळपाच्या उजव्या अंगाला कुत्रा होता, पोट खाली, पावलं मऊ, टोपी नसलेला. डाव्या अंगाला कुणी नव्हतं. तरी त्या बाजूच्या मेंढरांनी तोंडं आत वळवलेली होती आणि त्यांची कड सरळ होती, भिंतीला लागून चालल्यासारखी. म्हाताऱ्यानं तो घशातला आवाज काढला. डावी कड आतल्या बाजूला वाकली. एक कोकरू मागं रेंगाळलं होतं, ते डावीकडं तोंड करून थांबलं, नाक वर करून हुंगलं आणि एकदम उडी मारून कळपाच्या मधोमध घुसलं.

मी दव पडलेल्या गवताकडं बघितलं. कुत्रा गेला होता तिथं दव झडून काळसर रेघ पडली होती. कळपाच्या डाव्या बाजूलाही तशीच एक रेघ होती. अरुंद, वळणं घेत गेलेली. म्हातारा आधी तिकडून फिरला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण म्हाताऱ्याच्या पायांत जाड, रुंद वहाणा होत्या.

"आबा," मी म्हणालो, "डावीकडं कोण आहे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "मेंढरं फुटली का?"

"नाही."

"मग झालं की."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो म्हणाला, कुत्रा तयार आहे, न्या. दोरी माझ्या हातात देताना त्यानं एवढंच सांगितलं, "ह्यो उजवीकडं ऱ्हाईल. डावीकडची काळजी तुमी करू नगासा."

पहिल्या फेरीला वडगावहून निघताना मी कुत्र्याची दोरी हाताला दोनदा गुंडाळून घेतली होती. गडी मोठ्या मुश्किलीनं यायला तयार झाला होता. पण कुत्र्यानं चार तळांवरची मेंढरं एका कळपासारखी चालवली. वाटेत लग्नाची वरात आडवी आली. ढोल, ताशे, नाचणारी पोरं. मेंढरं थांबली, थरथरली, पण फुटली नाहीत. शहरात शिरताना लोक दुकानांतून बाहेर येऊन बघायला लागले. वडील खाटकांच्या पेठेच्या तोंडाशी काठी टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी गुडघा मोडल्यापासून बघितला नव्हता.

तिसऱ्या-चौथ्या फेरीला माझ्या लक्षात आलं, की कुत्रा कधीच डावीकडं जात नाही. उजवी बाजू आणि मागचं अंग, एवढंच तो राखायचा. आणि डावीकडून मेंढरं कधी फुटत नव्हती. डावीकडं ऊस असो, मोकळा माळ असो, कुणाचं उभं पीक असो. मी सुरुवातीला त्या बाजूनं चालून बघितलं. थोडं गेलो की कशाच्या तरी आड येतोय असं वाटायला लागायचं, जसं अरुंद बोळात समोरून माणूस आला की वाटतं. मी मागं यायचो. गड्याला तिकडं जा म्हटलं तर तो ऐकू न आल्यासारखं करायचा. समोरून बैलगाडी आली आणि आमच्या डावीकडून जायला लागली की बैल बुजायचे. गाडीवान त्यांना चाबूक मारायचे आणि आम्हाला शिव्या द्यायचे.

वडिलांना मी हे सांगितल्यावर ते हसले. एकदा शहराबाहेर ते आम्हाला भेटायला आले आणि मुद्दाम काठी टेकत कळपाच्या डावीकडून चालायला लागले. ओढ्यापर्यंत गेले. मग थांबले, वळसा घालून मागं आले आणि माझ्या बाजूला चालायला लागले. रात्री जेवताना म्हणाले, "तिकडं मला जागा नव्हती." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही नाही. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण त्या सुमारास आम्ही बाहेर निघालो की ती दारात उभी राहून दुवा पुटपुटायची आणि आमच्यावर फुंकर घालायची.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. धंदा कधी नव्हे तो नीट चालला होता. कळंब्याला मी अधूनमधून मटण घेऊन जायचो. म्हातारा माझ्यासमोरच त्याचे दोन वाटे करायचा.

शेवटचा भेटायला गेलो तेव्हा तो घोंगड्यावर पडून होता. ताप होता. मी वैद्याला आणतो म्हणालो, तर त्यानं मान हलवली. कुत्रा माझ्याबरोबर होता. तो दोन्ही बाजांच्या मध्ये जाऊन पडला.

"ती थकली आता," म्हातारा म्हणाला. "मला सोडून हिंडायचं तिला जमंना. डावीकडं आता तुमी चाला."

"आबा, तुम्ही बरे व्हाल."

"मी माजं सांगत न्हाय. मेंढरांचं सांगतोय." मग तो जरा हसला. "कुत्र्याला बी सांगून ठिवा. त्येला वाईट वाटंल."

मी हो म्हणालो, पण मनावर घेतलं नाही. आजारी माणसाचं बोलणं असं समजलो. त्याच्या उशाशी पाणी ठेवलं. शेजारच्या रानातल्या बाईला लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघालो.

पुढच्या फेरीला कागलच्या रस्त्यावर, भर उन्हात, कळप डावीकडून फुटला. काही आवाज झाला नाही, समोरून काही आलं नाही. डाव्या कडेचं एक मेंढरू बाजूला झालं आणि चालत उसात शिरलं. त्याच्यामागं दुसरं, मग सगळीच. कुत्रा उजवीकडं थांबला होता. तो त्या रिकाम्या बाजूकडं बघत होता. वाट बघत होता, असंच मला वाटलं. मेंढरं उसात दिसेनाशी होत होती तरी तो हलला नाही. आणि मग तो भुंकला. मी त्याचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. घोगरा, तुटका, त्यालाही ओळखीचा नसलेला. तो मेंढरांवर भुंकत नव्हता. डावीकडं तोंड करून, पुन्हा पुन्हा, कुणाला तरी हाक मारल्यासारखा भुंकत होता. गडी रस्त्याच्या कडेला मटकन बसला.

अंधार पडायच्या आत आम्ही मेंढरं कशीबशी गोळा केली. दोन सापडली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कळंब्याला गेलो. खोपट रिकामं होतं. शेजारच्या रानातली बाई म्हणाली, म्हातारा गेला, गावकऱ्यांनी उरकलं. कधी गेला ते ती सांगायला लागली, पण मी तिला थांबवलं. वेळ समजली असती तर मी आयुष्यभर तीच धरून बसलो असतो. कुत्रा खोपटाच्या भोवती एकदा फिरला आणि माझ्या पायाशी येऊन उभा राहिला.

त्यानंतर डावीकडं मी चालायला लागलो.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. तिथं काही होतं म्हणून नाही. काही नव्हतं म्हणून. मी कडेला गेलो की मेंढरं माझ्यापासून इतकी लांब सरकायची की रस्ता पुरायचा नाही. माणसाला एवढं कुणी भीत नाही. मग नवी येणारी मेंढरं माझ्यापासून सरकेनाशी झाली, अंगाला घासायला लागली. बैल बुजायचे थांबले. कुत्रा उजवीकडून सारखा मान वर करून माझ्याकडं बघायचा, मी त्याच्या तपकिरी डोळ्याकडं बघून मान हलवायचो आणि तो पुढं चालायला लागायचा. एक दिवस मी तहान लागली म्हणून मागं राहिलो, तर तो आपण होऊन मेंढरांना वळसा घालून डावीकडं आला, ती बाजू सावरली आणि परत आपल्या जागेवर गेला. मी रस्त्यात उभा राहून रडलो. गडी म्हणाला, "मालक, चांगलंच झालं की." चांगलंच झालं होतं. आता आमच्याकडं एक साधा, हुशार, मेंढरं राखणारा कुत्रा होता, मला हवा होता तसा.

पुढं तो बरीच वर्षं जगला. पेठेत तो सगळ्यांना माहीत होता. म्हातारा झाल्यावर त्याला दिसेनासं झालं, आधी तपकिरी डोळ्यानं, मग निळ्यानं. तरी तो कळपाबरोबर यायचा आणि कानांवर चालायचा. माझ्या पोरांनी त्याला शहराबाहेर ओढ्याकाठी पुरलं. धंदा पुढं माझ्या थोरल्यानं चालवला, नंतर लॉरी आली आणि हाकण्याचं कामच संपलं. मी अजून रस्त्यानं पायी निघालो की डाव्या कडेनं चालतो. पोरं म्हणतात, गाड्या मागून येतात, उजवीकडून चाला. मी ऐकून घेतो.